उन्हाळा आणि दारूखाना

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता कोंढापुरी, रांजणगांव मागें टाकून घोडनदीच्या कांठीं आला कीं शिरूर लागतें. तेथून दक्षिणेस भीमेच्या कांठीं दौंड. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पावसाला पारखा झालेला. चैत्र-वैशाखांत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दगड हातांत धरवत नाहीं, पत्र्याच्या छपराखालीं बसवत नाहीं. आणि पहांटे मात्र अंगावर पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटतें. अशा या मुलखांत गेल्या साडेतीनशें वर्षांत मोगलांची फौज राहिली, मराठ्यांची राहिली, कंपनी सरकारची राहिली. फौज आली कीं बंदूक आली, आणि बंदूक आली कीं तिची दारू आली. लढाया चार घटकांत संपतात, पण दारू बारा महिने सांभाळावी लागते. लढायांच्या बखरी झाल्या. दारूच्या राखणीची बखर मात्र कोणी फारशी लिहिली नाहीं.

दारूच्या कोठाराची गोष्ट निघाली कीं सामान्य माणसाच्या मनांत प्रथम येते ती उन्हाची भीति. कडक ऊन पडलें कीं कोठार भडकणार, अशी समजूत सर्वत्र आढळते. या समजुतीची गंमत अशी कीं शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीपर्यंत ती बहुतांशीं खोटी होती, आणि त्यानंतर ती खरी झाली. ऊन तेंच राहिलें, दारू बदलली.

जुनी दारू म्हणजे काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन जिनसांचें तें मिश्रण. ती आपोआप पेटावयास सुमारें तीनशें अंशांची उष्णता लागते. शिरूरच्या वैशाखांतील ऊन कितीहि निष्ठुर असलें तरी तेथवर तें पोंचत नाहीं. शिवाय काळी दारू नुसत्या उष्णतेनें नासतहि नाहीं. कोरड्या जागीं नीट ठेवलेली दारू पन्नास वर्षांनीं काढली तरी बार काढते. तिचा वैरी तो ओलावा. आपल्याकडे सोरा निघे तो जुन्या गांवठाणाच्या पांढरीच्या मातींतून. आणि त्याच्याबरोबर मिठासारखे दुसरेहि क्षार येत. सोरा नीट शुद्ध केला नाहीं म्हणजे हे क्षार पावसाळी हवेंतलें पाणी ओढून घेतात. मग दारूचे खडे होतात, सोरा वेगळा पडून वर पांढरी बुरशी आल्यासारखा दिसतो, आणि ऐन वेळीं बंदूक नुसती फुसफुसते. म्हणून कोंकणांतील जंजिऱ्यांवर आणि सह्याद्रीच्या धुक्यांत बुडालेल्या गडांवर दारू राखणें हें मोठें जिकिरीचें काम होतें. त्या मानानें शिरूर-दौंडचा कोरडा उन्हाळा दारूखान्याच्या कारभाऱ्याला वरदानच वाटत असला पाहिजे.

ही गोष्ट मराठ्यांच्या राज्यकर्त्यांना किती बारकाईनें ठाऊक होती याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या आज्ञापत्रांत मिळतो. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. त्यांतील दुर्गांचें प्रकरण बहुतेकांनीं तट, दरवाजे आणि चोरवाटा यांसाठीं वाचलेलें असतें. पण दारूखान्याविषयींचीं त्यांतील चार वाक्यें सवडीनें वाचण्याजोगीं आहेत. दारूखाना राहत्या घरांना लागून नसावा. जमिनींत तळघर करून त्यांत चुनेगच्ची करावी. गच्चीवरहि दारू सरळ न ठेवतां मध्यें माच घालून त्यावर दारूचीं मडकीं ठेवावीं. ओल शिरूं देऊं नये. दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें येऊन दारू व बाण बाहेर काढावे, त्यांना ऊन द्यावें, आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पहारा रात्रंदिवस असावा व परवानगीवांचून आसपास माणूस फिरकूं देऊं नये.

यांतील प्रत्येक कलमाला कारण आहे. तळघर कां, तर वरच्या खोलीपेक्षां तेथें दिवसाचें ऊन आणि रात्रीचा गारवा यांचा फेर कमी. हा फेरच ओल आणतो. गरम हवा थंड भिंतीला लागली कीं दंव सुटतें, हें पाण्याच्या तांब्याकडे पाहणाऱ्या गृहिणीलाहि माहीत आहे. गच्ची आणि माच कां, तर जमिनीची ओल वर चढूं नये. मडकें कां, तर लोखंडाप्रमाणें त्याच्यावर कांहीं घासलें तरी ठिणगी उडत नाहीं. मोहोर कां, तर दारूला पाय फुटतात म्हणून! पण या सर्वांत महत्त्वाचें कलम उन्हाचें. अमात्यांच्या लेखीं ऊन हा दारूचा वैद्य आहे. ही गोष्ट पुढच्या हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावयास हवी.

मग जुन्या काळीं उन्हाळ्यांत धोका नव्हताच कीं काय? होता, पण तो दुसरीकडून येई. उन्हाळ्यांत गवत वाळतें, छपरें वाळतात, कातडें तडकतें, वारा सुटतो. एका ठिणगीचें काम सोपें होतें. राज्याभिषेकाच्या आसपास, ऐन वैशाखाच्या दिवसांत, शिवछत्रपतींनीं चिपळूणजवळच्या छावणींतील आपल्या अंमलदारांना लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. रयतेस काडीचाहि आजार देऊं नये, हा त्यांतला भाग मुलांना शाळेंत शिकवितात. त्याच पत्रांत महाराजांनीं आगीविषयीं जें बजावलें आहे तें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. रात्रीं दिवा ठेवून झोंपूं नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, आणि वैरण व खण जळून जातील, मग घोडीं कशानें जगणार, अशी ती सूचना आहे. पत्र वैरणीपुरतें आहे हें खरें. पण उंदराच्या तोंडांतील वात ज्याला दिसली त्या राजाच्या दारूखान्याचा कारभार कसा असेल, हें सांगावयास नको. शिवाय त्या काळची बंदूक तोड्याची. शिपायाच्या हातांत धुमसता तोडा आणि कमरेला दारूचें शिंग! अशा माणसांच्या तळावर दारूचें कोठार चुलीपासून, तोड्यापासून आणि हुक्क्यापासून दूर ठेवणें हीच निम्मी राखण होती.

दौंडच्या पूर्वेस, भीमेच्या कांठीं पेडगांव आहे. तालुका श्रीगोंदें, पण बाजार आणि आगगाडी यांच्या दृष्टीनें दौंडच जवळचें. १६७२-७३ च्या सुमारास मोगल सुभेदार बहादुरखान कोकलताश यानें येथें छावणी घातली आणि भुईकोट बांधला, तोच बहादुरगड. आज पुष्कळ लोक त्याला धर्मवीरगडहि म्हणतात, कारण १६८९ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांना पकडून आणलें तें येथेंच. मोगलांच्या दक्षिणेंतील मोहिमांचें हें दीर्घकाळचें ठाणें आणि सामानसुमानाचें कोठार होतें. भीमेचें पाणी हत्तीमोटेनें उपसून तटाच्या आंत घेतल्याच्या खुणा अद्याप दिसतात. डोंगरी किल्ल्यावर पाण्याचा दुष्काळ. येथें नदी उशाला. आगीच्या दृष्टीनें तें बरें, ओलीच्या दृष्टीनें वाईट. चालत्या फौजेची अडचण याहून मोठी. बैलांवर आणि उंटांवर दारू जाई ती कातडी व जाड कापडी पिशव्यांतून. उन्हानें कातडें वाळून शिवण उसवली कीं मागें दारूच्या कण्यांची रेघ पडत जाणार. आणि त्या रेघेच्या एका टोंकाला कोणी चिलीम झटकली, तर दुसऱ्या टोंकाला काय होईल हें उघडच आहे.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला आणि पुढें कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी शिरूरला पडली. या छावणीची एक आठवण आजहि गांवांत आहे. कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्यें शिरूरला वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे शेतकरी सत्पुरुषाची समाधि मानूं लागले आणि सुगीच्या दिवसांत तेथें धान्य वाहूं लागले. परक्या सेनाधिकाऱ्याला असा मान क्वचितच मिळाला असेल. पण हें थोडें विषयांतर झालें.

इंग्रजी छावणींतील दारूखाना तळघराऐवजीं जमिनीवर बांधीत. पण त्यामागचा विचार अमात्यांचाच. बराकींपासून दूर, एकाकी, जाड भिंतींची कमानदार इमारत. हवा खेळावी पण बाहेरची ठिणगी सरळ आंत जाऊं नये म्हणून भिंतींत वांकडीं भोंकें. भोंवतीं दुसरी उंच भिंत किंवा मातीचा बंधारा, म्हणजे दुर्दैवानें स्फोट झालाच तर त्याचा जोर आडवा न जातां वर जावा. आंत लोखंड वर्ज्य. बिजागऱ्या, कड्या, पिंपांचे पट्टे हे तांब्याचे किंवा लांकडाचे, कारण खिळ्यावर खिळा घासून निघालेली ठिणगी पुरेशी होते. आंत जाणाऱ्यानें नालाचा बूट उंबऱ्याबाहेर काढून बिनखिळ्याचें पायताण घालावयाचें. देवळांत जाण्यापूर्वीं वहाणा काढण्याची संवय ज्याला जन्मापासून त्या आपल्या शिपायाला हा नियम परका वाटला नसावा. पिंपें मधूनमधून उलटीं करीत, म्हणजे दारू एका बाजूला घट्ट बसूं नये.

शिरूरच्या या छावणींतूनच ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन सुमारें पांचशें पायदळ, अडीच-तीनशें स्वार आणि दोन तोफा घेऊन पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं भीमेवरील कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं त्याची गांठ पडली. त्या लढाईचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. तें येथें पुन्हा करण्याचें प्रयोजन नाहीं. दारूच्या दृष्टीनें एवढेंच पाहावयाचें कीं शिरूरचें कोठार पंचवीस मैलांहून अधिक मागें राहिलें होतें, आणि दिवसभर जवळच्या दारूवरच भागवावें लागलें. त्या काळीं काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. शिपाई ती दांतांनीं फाडी आणि दारू नळींत ओती. सोरा खारट, तोंडांत गेला कीं घसा कोरडा पडतो. नदी डोळ्यांसमोर असून रात्र पडेपर्यंत शिपायांना पाणी मिळालें नाहीं. दारू कोरडी राहिली, आणि शिपायाचा घसाहि.

उन्हाळ्याच्या अखेरीस दारूखान्यावर आणखी एक संकट येई, तें आकाशांतून. शिरूर-दौंडकडे वैशाखाच्या दुपारीं आभाळ काळें होतें, वावटळ उठते, आणि वळिवाच्या चार थेंबांआधीं वीज कडाडते. उघड्या माळावर एकटीच उभी असलेली उंच इमारत विजेला आवडती. इटलींतील ब्रेशा शहरीं १७६९ च्या ऑगस्टमध्यें चर्चमध्यें ठेवलेल्या दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. या आघातानंतर फ्रँकलिनच्या विद्युत्‌वाहक सळईला युरोपांत मान मिळाला आणि दारूखान्यांवर ती दिसूं लागली. निष्काळजीपणाला मात्र सळई नाहीं. १८५० च्या मे महिन्यांत काशीच्या राजघाटाजवळ दारूनें भरलेल्या होड्यांचा ताफा उडाला तेव्हां घाटावरच्या वस्तीची दुर्दशा झाली. नदींतली दारू म्हणजे निर्धोक दारू, अशी समजूत कोणाची असलीच तर ती त्या दिवशीं बुडाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सारें चित्र पालटूं लागलें. चकमकीची बंदूक जाऊन टोपीची आली. टोपींतील मसाला दारूहून नाजूक. तो आघातानें पेटावा म्हणूनच केलेला. म्हणून टोप्या आणि दारू एका कपाटांत ठेवूं नयेत, हा नवा नियम आला. १८६९ मध्यें खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेकांठचें दौंड मोठें जंक्शन झालें. सोलापूरकडून मद्रासेकडे आणि मनमाडकडून उत्तरेकडे जाणारा माल येथें वळूं लागला. १८८४ मध्यें स्फोटक पदार्थांचा कायदा झाला, आणि कोणता पदार्थ कशांत, कोणाबरोबर, किती अंतरावर ठेवावा याला सरकारी बंधन आलें. स्फोटकांचा डबा इंजिनाच्या लगत जोडूं नये, मध्यें दुसरे डबे असावेत, हा आगगाडीचा नियम इंजिनाच्या धुराड्यांतून उडणारे निखारे पाहिलेल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाहीं.

पण खरा पालट झाला तो दारूच्या जातींतच. १८८४ मध्यें व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू तयार केली. १८८९ मध्यें इंग्लंडांत एबल आणि ड्यूअर यांनीं कॉर्डाइट केलें. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून ही दारू बनते. काळी दारू हें नुसतें मिश्रण, ती स्वस्थ पडून राहते. ही नवी दारू एक सजीव वस्तु असल्यासारखी डब्यांत हळूहळू बदलत असते. तिच्यांतून आम्लधर्मी वायु सुटतात, आणि तेच वायु उरलेल्या दारूला आणखी नासवितात. थंड जागीं ही क्रिया इतकी मंद असते कीं दारू दशकानुदशकें टिकते. पण दर दहा अंश उष्णता वाढली कीं नासण्याचा वेग दुपटीहून अधिक होतो. मोठ्या ढिगाच्या पोटांत ही उष्णता कोंडून राहिली म्हणजे शेवटीं दारू बाहेरच्या ठिणगीवांचून आपल्या आपण पेटते.

फ्रान्सला याचा अनुभव भयंकर आला. तूलाँ बंदरांत १२ मार्च १९०७ रोजीं ‘येना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजीं ‘लिबेर्ते’ या लढाऊ जहाजांचे दारूखाने उडाले. पहिल्या अपघातांत शंभराहून अधिक आणि दुसऱ्यांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि दोन्ही वेळां ठपका नासलेल्या दारूवर आला. इंग्रजांच्या कॉर्डाइटला एक योगायोग लाभला. नळींत चिकटा बसूं नये म्हणून त्यांत व्हॅसलिनच्या जातीचा पदार्थ मिसळला होता. पुढें कळलें कीं तोच पदार्थ सुटणारें आम्ल शोषून दारूला टिकवून धरतो. हेतु एक, फळ दुसरें. हिंदुस्थानांत कॉर्डाइटचा कारखाना निघाला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं निलगिरींतील थंड अरुवनकाडू येथें. दारूच्या साठ्यांतील नमुने मधूनमधून काढून कांचेच्या नळींत तापवावयाचे आणि वर टांगलेल्या औषधी कागदाला डाग केव्हां पडतो तें घड्याळ लावून पाहावयाचें, ही एबलची परीक्षा प्रत्येक मोठ्या कोठाराचा नित्यनेम झाली. आज दारूंत आम्ल शोषणारे पदार्थ मुद्दाम घालतात. पण तेहि कांहीं वर्षांनीं संपतात, आणि उष्ण जागीं लवकर संपतात.

म्हणजे आतां काय झालें? अमात्यांनीं जें औषध म्हणून सांगितलें तेंच या नव्या दारूला विष झालें. ओल तर अजूनहि नको. पण ऊनहि नको. माच, पहारा, परवानगी, वस्तीपासूनचें अंतर हीं सर्व कलमें कायम राहिलीं. एक उन्हाचें कलम तेवढें उलटलें. ज्ञान बदलतें तें असें. सगळें एकदम बदलत नाहीं, म्हणूनच जुना हात फसतो.

मोठ्या दुर्घटनांत मात्र नवें-जुनें सारें एकत्र आलेलें दिसतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचे दोन स्फोट झाले. जहाजावर सुमारें चौदाशें टन स्फोटक माल होता, आणि त्याच्या संगतीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गांठी. कापसाला आग कशी लागली याचे तर्कच झाले; पण कापूस आणि स्फोटकें एकाच खणांत भरण्याचा निर्णय तर्काचा विषय नव्हता. विदर्भांत पुलगांवच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारांत ३१ मे २०१६ रोजीं, मध्यरात्रीनंतर, आग लागून स्फोट झाला आणि सोळांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत लष्करी अधिकारी व जवान होते, आग विझवावयास धांवलेले होते. सूर्य तेव्हां आकाशांत नव्हता. जुना दारूगोळा दिवसाचें ऊन पाहून उडत नसतो. वर्षांचे उन्हाळे त्याच्या पोटांत सांठत असतात.

शिरूर-दौंडला आज छावणीचे दिवस राहिले नाहींत. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत आणि त्यांचे साठे शिस्तींत आहेत. पण शिरूर तालुक्यांत ऊंस वाढला, उंसांत बिबट्या आला, आणि पीकरक्षणाची परवान्याची बंदूक असलेलीं घरें या भागांत आहेत. घर पत्र्याचें असेल तर पोटमाळा दुपारीं भट्टीसारखा तापतो, आणि लोखंडी पेटी तेथेंच टाकलेली असते. मोटारीच्या मागच्या खणांत विसरलेल्या काडतुसांची स्थिति याहून वाईट. त्यांची जागा घरांतल्या सर्वांत थंड, कोरड्या, सावलीच्या खोलींत, चुलीपासून व विजेच्या यंत्रांपासून दूर, मूळच्या खोक्यांत आणि कुलुपांत असावी. दारू सुटी असेल तर ती घट्ट लोखंडी डब्यांत कोंडूं नये, कारण कोंडलेली दारू नुसती जळत नाहीं, फुटते. आणि टोप्या तिच्या शेजारीं कधींच असूं नयेत.

याच दिवसांत घरोघरीं अंगणांत आणि गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत पडतात, वर्षाचें धान्य ऊन खातें, ट्रंकांतले लोंकरी कपडे बाहेर निघतात. एखाद्या घरांत अशाच झाडझुडींत आजोबांच्या वेळचीं काडतुसें हातीं लागतात. पितळेवर हिरवट चढलेलें, कागदी पुंगळी फुगलेली, डबा उघडतांच आंबट दर्प येतो, क्वचित् तांबूस वाफ दिसते. हा दर्प म्हणजे दारू नासत असल्याची तिची स्वतःची वर्दी आहे. अशा वेळीं तीं उन्हांत पसरावयाचीं नाहींत, उघडून पाहावयाचीं नाहींत, चुलींत किंवा विहिरींत टाकावयाचीं नाहींत. डबा आहे तेथें सावलींत राहूं द्यावा, मुलांना दूर करावें आणि पोलीस ठाण्याला कळवावें. पुढचें काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचें.